घरचा पोपट : कोणता पाळावा, कसा सांभाळावा?



बी-बियाणं, खतं, दुभती जनावरं यांच्याबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. जानेफळ असो, मेहकर असो की लोणारकडची गावं असोत, ओसरीवर टांगलेला पिंजरा आणि त्यात ‘मिठू मिठू’ करणारा राघू हे चित्र आपल्याला नवं नाही. लेकरं हट्ट धरतात, कुणी झाडाच्या ढोलीतून पिल्लू काढून आणतं, कुणी बाजारातून घेतं. हौस वाईट नाही. पण या हौसेपायी घरधन्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, मुका जीव हाल होऊन मरू शकतो आणि अंगणातल्या कोंबड्यांनाही रोग लागू शकतो. म्हणून हे पत्रक नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आधी कायदा समजून घ्या

आपल्याकडचा हिरवा राघू, म्हणजे ज्याच्या नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते तो, हा रानपक्षी आहे. खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपटही रानपक्षीच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. पुढे २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी राघू कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होता, आता तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात डांबून ठेवणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘आमच्या आजोबांच्या काळापासून घरात पोपट आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘मी पकडला नाही, विकत घेतला’ हेही चालत नाही. बाजारात निळ्या-पिवळ्या रंगाचा ‘रिंगनेक’ म्हणून जो दाखवतात, तो राघूच्याच जातीचा असतो. ‘हा परदेशी आहे’ असं विकणारा कितीही सांगो, त्या फंदात पडू नका.

राघू पिंजऱ्यात का नको?

केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. हिशेब पहा. राघूची जोडी कडुलिंब, आंबा, चिंच, पिंपळ अशा जुन्या झाडाच्या ढोलीत साधारण जानेवारी ते एप्रिल या दिवसांत अंडी घालते. अंडी तीन ते पाच. बावीस-तेवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच राहतात. याच दिवसांत पिल्लं काढणारे झाडावर चढतात. हात पोचला नाही की ढोलीचं तोंड कोयत्याने मोठं करतात. पिल्लं तर जातातच, पण ती ढोलीही कायमची निकामी होते.

यात शेतकऱ्याचं काय जातं? पुष्कळ जातं. त्याच ढोल्यांत पिंगळा राहतो, हुदहुद राहतो, साळुंकी राहते. पिंगळा रात्री उंदीर आणि किडे टिपतो. हुदहुद जमिनीतल्या अळ्या उकरून खातो. धुऱ्यावरच्या जुन्या झाडाची एक ढोली म्हणजे फुकटचा राखणदार आहे. ती फोडली की तो राखणदार गेला.

शिवाय काढलेल्या पिल्लांपैकी बरीचशी वाटेतच मरतात. लहान पिल्लाला आई चोचीतून अर्धवट पचलेला दाणा भरवते. आपण दूध-पोळी कोंबतो. पक्ष्याला दूध पचत नाही. पिल्लाचा गळा सडतो, हगवण लागते, दोन-चार दिवसांत ते दगावतं. मग दुसरं आणलं जातं. म्हणजे ओसरीवर एक राघू दिसतो, तेव्हा त्याच्यामागे कितीतरी मेलेले असतात.

घरात आधीच राघू असेल तर?

घाबरून पिंजऱ्याचं दार उघडू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसतं. त्याला दाणा शोधता येत नाही, शिकरा आणि मांजर ओळखता येत नाही. पिंपळावर जाऊन बसलेला असा राघू संध्याकाळपर्यंत कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ फोन क्रमांक १९२६ आहे. त्यावर कळवा, किंवा आपल्या तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः जाऊन सांगा. आपण होऊन पक्षी सोपवणं आणि कुणीतरी तक्रार केल्यावर पकडलं जाणं, यात फरक आहे. पक्षी ताब्यात घेतल्यावर तो पुन्हा रानात सोडण्याजोगा आहे की नाही, हे जाणकार तपासतात. तोवर त्याला सावली, स्वच्छ पाणी आणि चांगला दाणा द्या.

वावरात पडलेलं पिल्लू

वादळात फांदी मोडली की पिल्लू खाली पडतं. ते घरी आणायची घाई करू नका. जखम नसेल आणि ढोली शाबूत असेल, तर अलगद उचलून परत ढोलीत ठेवा. ‘माणसाचा हात लागला की आई टाकून देते’ ही समजूत खोटी आहे. आई-बाप पिल्लाला परत घेतात. ढोलीच मोडली असेल किंवा पिल्लू जखमी असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं घालून त्यात ठेवा, खोकं अंधाऱ्या आणि निवाऱ्याच्या जागी ठेवा आणि १९२६ ला कळवा. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पाणी श्वासनळीत गेलं तर जीव जाईल.

पाळायचाच तर कोणता?

परदेशी जातींचे, पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच पैदास होत आलेले काही पोपट आहेत. आपण सगळे ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतो तो बहुतेक वेळा बजरी असतो, अगदी लहान. त्याहून मोठा, माणसाळणारा आणि गावातल्या घराला झेपणारा पक्षी म्हणजे कॉकॅटिल. बाजारात याला ‘कॉकटेल’ही म्हणतात. मूळ ऑस्ट्रेलियाचा. शेपटीसकट साधारण एक फूट लांब, वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली. नर छान शीळ घालतो, शब्द मात्र थोडेच बोलतो.

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती येतात. बजरी आणि कॉकॅटिल त्यातून वगळलेले आहेत. सन कॉन्युर, क्वेकर असे पोपट मात्र त्या करारात येतात. असे पक्षी बाळगणाऱ्यांसाठी २०२४ साली केंद्र सरकारने नोंदणीचे नियम केले. ‘परिवेश’ या सरकारी संगणक व्यवस्थेवर त्यांची नोंद करावी लागते. पिल्लं झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी ते कळवावं लागतं. तेव्हा कागदपत्रांशिवाय असा पक्षी कुणी स्वस्तात देत असेल, तर तो महागात पडेल.

घेताना एवढं पहा: पक्षी स्वतः दाणा टिपून खातो ना? डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे ना? भरवायला लागणारं उघडं पिल्लू ‘लवकर माणसाळेल’ म्हणून घेऊ नका. ते काम सरावाच्या माणसाचं आहे. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा.

आणखी एक. कॉकॅटिल पंधरा-वीस वर्षं जगतो. आज सातवीत असलेल्या पोराने हट्ट केला, तर ते पोर नोकरीला लागून संसारी होईपर्यंत पक्षी घरात राहणार. हा बैलाहून लांबचा सोबती आहे. विचार करून आणा.

पिंजरा आणि जागा

पोपट थव्यात राहणारा जीव आहे. एकटा कोंडला की तो ओरडतो, नाहीतर स्वतःचीच पिसं उपटतो. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत सगळं घर दिवसभर वावरात असेल, तर एकापेक्षा दोन पक्षी बरे.

एका पक्ष्याला पिंजरा निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच हवा. जोडीला याहून मोठा. गोल पिंजरा नको. गजांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच असावं, जास्त असलं तर मान अडकते. नव्या जस्ताच्या जाळीचा पिंजरा धोक्याचा. पोपट जाळी चावतो आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. रंगाचा पक्का थर दिलेला लोखंडी पिंजरा घ्यावा.

बसायला गुळगुळीत दांडी नको. कडुलिंबाच्या, पेरूच्या, बाभळीच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या काटे काढून लावा. पायाला व्यायाम होतो आणि साल सोलण्यात वेळही जातो. चावायला दाणे काढलेलं मक्याचं कणीस टांगा. विकतच्या खेळण्याची गरज नाही.

रोज तासभर तरी पक्षी बाहेर सोडा. पण आधी छताचा पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, मांजर बाहेर. फिरत्या पंख्याने मेलेल्या पोपटांची गणती नाही. रात्री त्याला दहा-बारा तास शांत झोप लागते. म्हणून टीव्हीच्या शेजारी पिंजरा ठेवू नका.

दाणापाणी

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोपट ठेवू नका. त्यात तेल फार. यकृत बिघडून पक्षी लवकर मरतो. राळे, बाजरी, ज्वारी यांचं मिश्रण करा. सूर्यफूल चवीपुरतं. कॉकॅटिलला दिवसाला पंधरा ग्रॅमच्या आसपास दाणा पुरतो. अर्धा आहार दाण्याचा, अर्धा ओला असावा: मोड आलेले मूग-मटकी, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई, पेरू, डाळिंब. हिरवी मिरचीही चालेल. मिरचीचा तिखटपणा पक्ष्याला जाणवतच नाही, म्हणून तो ती मजेत खातो. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पिंजऱ्यात बांधा, किंवा उकडलेल्या अंड्याच्या टरफलाची पूड द्या.

एक खूणगाठ बांधा. पोपट दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, पण आत नुसता भुसा असतो. या चुकीने पक्षी उपाशी मेले आहेत. रोज सकाळी वाटी फुंकून पहा.

चहा, दूध, मीठ, कांदा, चॉकलेट, दारू देऊ नका. सीताफळाच्या बिया विषारी आहेत. कच्चं सोयाबीनही देऊ नका, ते पचत नाही.

शेतकऱ्याच्या घरातले खास धोके

हा भाग लक्ष देऊन वाचा. शहरातल्या पुस्तकात हे सापडणार नाही.

पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही पक्ष्याला घालू नका. लाल, गुलाबी, निळ्या रंगाचं बियाणं म्हणजे त्यावर बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं. मूठभर ज्वारी वाया जाऊ नये म्हणून घातली, तर पक्षी जाईलच, पण तीच कोंबड्यांपुढे पडली तर कोंबड्याही जातील. धुतल्याने विष जात नाही.

फवारलेल्या पिकाचा पाला, बांधावरच्या फवारा उडालेल्या मेथीची जुडी पिंजऱ्यात नको. फवारणीचा पंप, औषधाचे डबे आणि फवारणीचे कपडे पिंजऱ्याच्या खोलीत ठेवू नका. पक्ष्याच्या फुप्फुसातून श्वास घेतानाही ताजी हवा जाते आणि सोडतानाही जाते. म्हणून हवेतलं विष आपल्यापेक्षा त्याला कितीतरी लवकर भिनतं. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, न चिकटणारा तवा करपल्यावर येणारी वाफ, हे सगळं त्याला घातक आहे. पिंजरा सैपाकघरात नको.

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल तर हात जोडून सांगतो. माणसं झोपतात त्या घरात त्या वापरायच्याच नाहीत. त्यांचा वायू आधी पक्ष्याला मारतो आणि मग लेकरांपर्यंत पोचतो.

ओल धरलेला शेंगदाणा आणि मका देऊ नका. त्यावरच्या बुरशीतलं विष यकृतावर उतरतं. वास आला, काळपट दिसलं की टाकून द्या.

वैशाख आणि पौष

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली पिंजरा म्हणजे भट्टीच. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागला, की त्याला उष्मा झाला असं समजा. ताबडतोब मातीच्या भिंतीच्या गार खोलीत न्या, पायांवर साधं पाणी शिंपडा. एकदम बर्फाचं पाणी नको. उन्हाळाभर पिंजऱ्याच्या दोन बाजूंनी ओलं गोणपाट सोडा, आंघोळीला पसरट भांड्यात पाणी ठेवा, पिण्याचं पाणी दोनदा बदला. कूलरचा झोत थेट अंगावर नको. थंडीत रात्री तीन बाजू झाका, एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा.

आजार आणि कोंबड्या

पोपट आजार लपवतो. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याचं पहिलं भक्ष्य होतो, म्हणून ही सवय. पिसं फुगवून बसणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं, विष्ठेचा रंग बदलणं, ही लक्षणं दिसली की तो बराच आजारी आहे असं धरा. आठवड्याला एकदा घरच्या लहान काट्यावर वजन करा. वजन उतरतं ही पहिली खूण. ‘उद्या पाहू’ म्हणू नका. माणसाच्या गोळीचा तुकडा देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. अवघड दुखणं असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय इथे विचारा.

नवा पक्षी आणला की महिनाभर कोंबड्यांपासून आणि इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवा. राणीखेत पोपटालाही होऊ शकतो आणि त्याच्याकडून खुराड्यात पसरू शकतो. कोंबड्यांना राणीखेतची लस वेळेवर टोचून घ्या. आधी कोंबड्यांचं काम केलं असेल, तर हात-पाय धुऊन मग पोपटाकडे जा.

पोपटाकडून माणसाला लागणारा एक तापही आहे. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेली की तो जडतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला येतो. म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा आणि कागद गुंडाळून काढा. पोपटाला तोंडातला घास देणं, चोचीला तोंड लावणं बंद करा. घरात ताप-खोकला हटत नसेल, तर डॉक्टरला ‘घरी पोपट आहे’ हे आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर औषधाने हा आजार बरा होतो.

रानातल्या राघूंपासून पीक कसं राखावं?

राघू डाळिंब, पेरू, मका, ज्वारी, सूर्यफुलाचं नुकसान करतो, हे कुणी नाकारत नाही. पण त्यावर जाळं टाकून पकडणं किंवा विष घालणं हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा. बागेवर पक्ष्यांची जाळी पसरा. कणसात दाणा भरू लागला की पिकावर चमकणारी फीत ताणून बांधा, वाऱ्यावर ती आवाज करते आणि उन्हात लकाकते. सूर्यफूल एकट्याने छोट्या तुकड्यात पेरू नका, शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी पेरावं, म्हणजे नुकसान वाटलं जातं. राखण सकाळी आणि संध्याकाळी करा, कारण राघूंचे थवे याच दोन वेळांना उतरतात.

आणि पाळलेला परदेशी पक्षी कंटाळा आला म्हणून वावरात सोडू नका. एकतर तो मरेल, नाहीतर फोफावेल. आपलाच राघू पहा. पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंनी लंडन, ॲमस्टरडॅमसारख्या थंड शहरांत वस्ती केली आणि आज तिथे त्यांचे हजारोंचे थवे आहेत. कॉकॅटिल त्याच्या देशात ज्वारी-सूर्यफुलावर उतरतो. नकोसा झाला तर सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती द्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. हिरवा राघू पाळू नका, विकत घेऊ नका, ढोली फोडू देऊ नका.
२. घरात असेल तर सोडून न देता १९२६ वर कळवा.
३. हौस असेल तर कॉकॅटिल किंवा बजरी घ्या, पावतीसह.
४. रंगवलेलं बियाणं, फवारलेला पाला, बुरसलेला दाणा पक्ष्याला कधीही नको.
५. धूर, पंखा, मांजर आणि ऊन, या चार शत्रूंपासून जपा.
६. कोंबड्या वेगळ्या, पिंजरा ओला करून साफ.

मंडळी, राघूचा आवाज ऐकायचा असेल तर धुऱ्यावरचं जुनं कडुलिंब राखा. सकाळी तिथे जी जोडी बोलते, तिला दाणा घालावा लागत नाही, पिंजरा झाडावा लागत नाही. लेकरांना ती ढोली दुरून दाखवा आणि पिल्लं कधी उडतात ते मोजायला सांगा.